वीज ऐकणारे साडू

वीज गेली म्हणून चिडणारी माणसं सोलापुरात घरोघरी सापडतील, पण वीज आली म्हणून कपाळावर हात मारून घेणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझा साडू निघाला. ऐन वैशाखात लाइट जाते, आपण ओला टॉवेल डोक्यावर घेऊन बसतो आणि हे गृहस्थ तापलेल्या गच्चीवर आनंदानं उभे असतात. "आता बघा, किती निर्मळ ऐकू येतंय!" लाइट आली की यांचा चेहरा पडतो. चिंचोळी एमआयडीसीत आठवडाभर यंत्रांची देखभाल करणारे साडू सुट्टीच्या दिवशी आकाशाची देखभाल करतात. त्यांच्या गच्चीवर एक डबी आहे. आकाशात वीज चमकली की रेडिओच्या लहरी निघतात, त्या ती डबी ऐकते. अशा डब्या देशोदेशींच्या हौशी लोकांच्या घरांवर आहेत म्हणे, आणि सगळ्यांचं ऐकणं जुळवलं की वीज कुठं पडली त्याचा ठिपका नकाशावर उमटतो. हे त्यांनी मला अनेकदा समजावलं आहे. प्रत्येक वेळी मी पहिल्यांदाच कळल्यासारखा चेहरा केला आहे.

एका उन्हाळ्यात ते गल्लीतली चार घरं ओलांडून आमच्या दारात आले, ते पांढरेफटक पडूनच. मी घाबरून विचारलं, "कोण गेलं?"

"मीच गेलो. वगळलं हो मला!"

आभाळात ढगाचा तुकडा नसताना त्यांची डबी दिवसभर विजा ऐकत होती, म्हणून त्या हौशी मंडळींनी त्यांचं केंद्र हिशेबातून काढलं होतं. जवळपास कुठलं तरी विजेचं उपकरण खरखर करत होतं आणि डबीला तीच वीज वाटत होती. साडूंनी आधी स्वतःच्या घराचा मेन स्विच पाडला. मेहुणीची शेंगाचटणी मिक्सरमध्ये अर्धवट राहिली, फ्रिजमधलं दूध नासलं, पण बॅटरीवर चालणाऱ्या डबीतली खरखर तशीच. म्हणजे चोर बाहेरचा! मग एक जुना ट्रान्झिस्टर कुठलंच स्टेशन न लावता कानाशी धरून ते मला सोबत घेऊन गल्लीत फिरू लागले. जिथं खरखर वाढेल तिथं घुसायचं. शेजारच्या यंत्रमागवाल्यांचे माग त्यांनी चहाच्या वेळेआधीच थांबवायला लावले. एका घरी तर मुलगी बघायला पाहुणे आले होते. साडू आत शिरले आणि यजमानांना काही कळायच्या आत त्यांनी पंखा, ट्यूबलाइट सगळं बंद केलं. मी दारात थिजून उभा. काळोखात मुलाच्या वडिलांनी विचारलं, "हे कोण?" साडू म्हणाले, "तुमचं चालू द्या की! मी फक्त ऐकतोय."

शेवटी तो ट्रान्झिस्टर किंचाळला, तो आमच्याच घरात. सासूबाई आमच्याकडे राहायच्या. त्यांच्या खोलीत, सासऱ्यांच्या फोटोपुढं, ज्योतीसारखा थरथरणारा विजेचा दिवा होता. सासरे गेल्यापासून त्या दिवा विझू देत नव्हत्या. तेल घालायला वारंवार उठणं होईना, म्हणून थोरल्या लेकीनं, म्हणजे साडूंच्याच बायकोनं, तो नुकताच आणून दिला होता. सगळा गोंगाट त्याच्या स्वस्तातल्या अडॅप्टरचा! साडू खाली बसले. पाहुण्यांना अंधारात बसवणाऱ्या या माणसाचा हात त्या बटणाकडे जाईना.

"काय झालं, जावईबापू?" सासूबाईंनी विचारलं.

"काही नाही आई. दिवा छान आहे."

पण मी न राहवून सगळं सांगून टाकलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि काही बोलण्याआधीच प्लग उपटला. आम्ही दोघेही हादरलो.

"अवो, त्यास्नी अंधाराचं भ्या न्हवतं. तुमचं काम लई मोटं हाय. माजा भाऊ सांगोल्याकडं माळावर मेंढरं राखतोय. त्याच्यावर वीज पडंल का, ते कळंल न्हवं तुमाला?"

साडूंचे डोळे भरून आले. दुसऱ्याच दिवशी त्यांनी तो दिवा बॅटरीवर चालता केला आणि दर रविवारी बॅटरी बदलायला ते स्वतः येऊ लागले. केंद्रही पुन्हा हिशेबात आलं. मग ढग जमले की त्यांचा सासूबाईंना फोन यायचा, "आई, ठिपके माळशिरसकडून सांगोल्याकडं सरकतायत." सासूबाई लगेच भावाला फोन लावायच्या, "दादा, मेंढरं घिऊन घरी ये. व्हय, आत्ताच!" एकदा दादा कुरकुरत घरी आला आणि संध्याकाळी त्याचा फोन आला. ज्या लिंबाखाली तो रोज उभा राहायचा, तो उभा चिरला होता. फोन ठेवल्यावर सासूबाईंनी दिव्यापुढं हात जोडले. साडूंना कळवलं, तर रविवार नसतानाही ते बॅटरी बदलायला आले.

सासूबाई यंदाच्या थंडीत गेल्या. दादाला आता साडू थेट फोन करतात. पण ढग आले की आमच्याही घरी त्यांचा फोन येतोच. मी उचलतो. "माळशिरसला सुरू झालं," ते सांगतात. मी म्हणतो, "हो का?" पुढं काय विचारायचं ते मला ठाऊक नसतं. तरी दोघांपैकी कुणीच लगेच फोन ठेवत नाही.