खंडेनवमीची फेरतपासणी

कुपवाडच्या ज्या कारखान्यात अंजना खराडे एकोणीस वर्षं माल तपासते, तिथं उसाची ट्रॉली ट्रॅक्टरला जोडायच्या पिना तयार होतात. पिन वीतभर, तिच्या भरवशावर दहा टन ऊस. ती तुटली तर ट्रॉली चढावरून मागे येते, आणि मागे बहुधा एखादा दुचाकीवाला असतो. अंजना रोज कवलापूरहून दुचाकीवरच येते.

मंजूर झालेली नोंद संगणकात कुणालाही बदलता येत नाही, असं साहेब लोकांनी सांगितलं होतं. अंजनानं ते ऐकून घेतलं आणि मंजुरीच्या दिवशीच प्रत्येक पानाची छापील प्रत काढून ठेवू लागली. दर शनिवारी फूटपट्टी लावून ती कागद आणि पडदा ताडून बघते. कारखान्यात याला 'ताईंची पोथी' म्हणतात.

दसऱ्यानंतरच्या शनिवारी पोथीतला अध्याय बदललेला निघाला. तिनं ठिसूळ म्हणून नापास केलेल्या साठ पिना पडद्यावर पास होत्या. मंजुरी देणारी म्हणून खाली तिचंच नाव.

कागद घेऊन ती मॅनेजर सुमंत साहेबांच्या केबिनमध्ये गेली.

"फेरतपासणी केली मी," साहेब म्हणाले.

"कवा?"

"तारीख आहे की समोर."

तारीख खंडेनवमीची होती. भट्टीवरचे आकाराम मामा सहीसाठी दारात उभे होते. ते म्हणाले, "आवं साहेब, त्या दिशी तपासायच्या मशिनीला हार व्हता. मालकांच्या आईसाबनी हळदकुंकू लावून सांगितलं, दसऱ्यापातूर कुणी शिवायचं न्हाई. नारळ तर तुमीच फोडला."

साहेबांनी पेन उघडलं, परत बंद केलं. "ऑर्डर अडकली होती. ठिसूळ म्हणजे काय लगेच तुटते का?"

"मग माझं नाव कशाला? तुमचं घाला."

नाव सिस्टीम आपोआप घेते, असं साहेबांनी समजावलं. जुन्या वळणाची सिस्टीम. साहेबांचं नाव तेवढं घेत नव्हती.

कारखान्याच्या दारात त्याच मालासाठी आलेल्या टेंपोतून अंजनानं साठ पिनांची पेटी उतरवून घेतली आणि केबिनसमोर ऐरण मांडायला लावली. "मामा, हाणा."

पहिल्याच घावाला पिन खडूसारखी मोडली. दुसरी दोन घाव टिकली. साहेब बाहेर आले तेव्हा अकरावी चालली होती.

"अहो खराडे, सिस्टीमला पास आहे हा माल."

"मग सिस्टीमच पाठवा टेंपोतनं," ती म्हणाली. "मामा, थांबू नका."

साठही मोडल्या. जेवणाच्या सुट्टीत सगळे त्या तुकड्यांना वळसा घालून गेले. हसलं कुणी नाही. टेंपो रिकामा परतला.

संगणकात त्या साठ पिना आजही उत्तम अवस्थेत आहेत, अंजनाच्या मंजुरीसह. दर शनिवारी ती फूटपट्टी घेऊन केबिनच्या दारात उभी राहते. "काढलं का माझं नाव?"

साहेब म्हणतात, मंजूर नोंद बदलता येत नाही.