रेषेपलीकडून परत

व्यावसायिक खेळाडू म्हणजे काय चीज असते ते मी जवळून पाहिलंय, मला कुणी त्याचं कौतुक सांगू नये. आमचा कोच त्याच्या देशात बारा वर्षं पगार घेऊन रग्बी लीग खेळला होता. मिळालं काय? दोन्ही कान चुरगळलेले, डाव्या हाताची करंगळी भलतीकडे वळलेली, आणि गुडघे असे की खुर्चीतून उठायच्या आधी टेबलाचा आधार शोधायचा. तोंड उघडलं की 'माय करिअर'. डोंबलाचं करिअर! ते संपल्यावर दुबईत येऊन डिस्कव्हरी गार्डन्सजवळच्या मैदानावर साहेबांच्या पोरांना चेंडू कसा धरायचा ते शिकवत होता.

मी तेव्हा सत्तावीस वर्षांचा, रास अल खोरच्या एका गोदामात गाड्यांच्या पार्ट्‌सच्या पेट्या चढवणारा-उतरवणारा. मूळचा सांगलीकडचा, म्हणजे कबड्डी आलीच. सुट्टीला आम्ही गोदामामागच्या वाळूत खेळायचो. हा गृहस्थ जुन्या जीपचा कसलासा पार्ट शोधत आला आणि खेळ बघत तासभर उन्हात उभा राहिला. मी तिघांच्या पकडीतून सुटून आलो, तसा माझा दंड दाबून म्हणाला की मेट, तू इथे वाया चाललायस. तो सगळ्यांनाच मेट म्हणायचा, त्यांच्याकडे मेट म्हणजे दोस्त. आमच्याकडे रोजगार हमीच्या कामावर हजेरी घेतो तो मेट. मला वाटलं, हा मला मुकादम करतोय की काय.

त्याने मला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं आणि मी चढलो. सहा महिन्यांनी त्याच्या जुन्या क्लबचे दोन लोक खेळाडू निवडायला येणार होते. निवड झाली तर तिकडचा करार, आणि गोदामाला कायमचा रामराम. मला दुसरं काही नको होतं. पेट्या वाहून पस्तिशीतच कंबर धरून बसलेली माणसं मी रोज बघत होतो.

खेळ समजायला सोपा. चेंडू बगलेत मारायचा आणि समोरच्यांच्या अंगावर जायचं. ते पाडतात, आपण उठायचं. शेवटच्या रेषेपलीकडे चेंडू जमिनीला टेकवला की गुण. टेकवायचा, हे त्याने मला शंभरदा बजावलं. मीही मान डोलवायचो, जसं काही मला सांगायची गरजच नव्हती. मोठा शहाणा!

त्यात आईला फोनवर सांगून बसलो. आमच्या गावाला फ्लेक्स लावायला निमित्त पुरतं, खात्री लागत नाही. आठवड्याच्या आत एसटी स्टँडसमोर मी झळकलो, 'आंतरराष्ट्रीय खेळाडूचे हार्दिक अभिनंदन'. अभिनंदन करणाऱ्या पुढाऱ्यांची डोकी माझ्या डोक्याच्या दुप्पट. त्यातल्या एकालाही रग्बी लीग म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं, पण हात जोडून हसत होते सगळे.

ते दोघे बघायला येणार त्या सामन्याच्या दिवसाची रजा मागितली, तर सुपरवायझर म्हणाला, इन्शाल्ला. त्याच्या तोंडी त्याचा अर्थ 'नाही' असा होतो हे मला पहिल्याच महिन्यात कळलं होतं. मी न सांगता गेलो. एक दिवसाचा पगार जाईल, जाऊ दे म्हटलं.

ते दोघे पाहुणे छत्रीखाली थंड पाणी पीत बसले होते. दुसऱ्या डावात चेंडू माझ्याकडे आला. एकाला चकवलं, दुसऱ्याने कमरेला मिठी मारली, त्याला खेचतच पुढे गेलो, तो सुटला. समोर मैदान मोकळं. माझ्याही नकळत तोंडात 'कबड्डी, कबड्डी' सुरू झालं. रेषा आली, ओलांडली. आणि गर्रकन मागे वळून, जीव खाऊन, मी परत पळत सुटलो. आमचेच गडी दोन्ही हात हलवून ओरडत होते, मला वाटलं शाबासकी देतायत. मध्यरेषेवर अंग झोकून दिलं, तळहात टेकवला आणि चेंडू दिला भिरकावून. समोरच्या एकाने तो शांतपणे उचलला आणि गुण करून आला.

छत्रीखालचे दोघे खुर्चीतून पडायचे बाकी होते. कोच लंगडत आला. चिडला असता तरी चाललं असतं, पण तोही डोळे पुसत हसत होता. म्हणाला, "अरे, पण तू परत का आलास?"

"आमच्यात परत आल्याशिवाय गुण मिळत नाही," मी म्हणालो.

हे वाक्य त्याने पुढे प्रत्येक पार्टीत विकलं. त्याच्या त्या महान करिअरमधला सगळ्यात गाजलेला किस्सा म्हणजे मी. पुन्हा कधी निवड होईल का, विचारलं, तर हाही इन्शाल्ला म्हणाला. बाकी अरबी एक अक्षर येत नव्हतं, तेवढा शब्द बरोबर शिकला होता.

आईला खरं सांगितलं. ती म्हणाली, गेलं खड्ड्यात, तू घरी ये. मी म्हटलं, कुठल्या तोंडाने येऊ? स्टँडवर उतरलो की समोर माझंच थोबाड, अभिनंदनासकट. आधी तो फ्लेक्स खाली येऊ दे. मला माहीत होतं, त्या पुढाऱ्यांना विचारल्याशिवाय त्याला कुणी हात लावणार नाही. बरंच होतं ते. मी पेट्या उचलत राहिलो.

वर्षभराने तिचा फोन आला. आवाजात भलताच उत्साह. चुलत्याला शिडीवर चढवून तिने फ्लेक्स काढायला लावला होता. पुढाऱ्याची माणसं भांडायला आली, तर त्यांनाही चार शब्द सुनावले होते. आता तो गोठ्यावर अंथरलाय, म्हशी कोरड्यात आहेत, सगळं सांगून झालं.

"उतरवला बघ," ती म्हणाली. "आता ये."

मी गोदामाच्या दारात उभा होतो, पाठीमागे ट्रक लागला होता. आणि माझ्या तोंडून निघालं, "इन्शाल्ला."

ती बिचारी विचारत राहिली, "म्हणजे कधी?"