बाबागाडीचा दांडा

उंच माणसांना मुलं होतच नाहीत, अशी बाबागाड्या करणाऱ्यांची ठाम समजूत असावी. नाहीतर सांगलीच्या त्या दुकानातल्या तिन्ही गाड्यांचे दांडे माझ्या मांडीपाशी का आले असते?

एकोणीसशे साठचं दशक निम्मं सरलं होतं. मी उंब्रजला शिक्षिका होते. बाळंतपणात माझी कंबर गेली होती आणि डॉक्टरांनी मुलाला कडेवर घ्यायला बंदी केली होती. घरी सांभाळायला कुणी नाही, शाळा मैलभर लांब. मुलाला आणून व्हरांड्यात झोपवा, एवढी सवलत हेडमास्तरांनी दिली. आणायचं कसं ते तुमचं तुम्ही बघा, जमत नसेल तर राजीनामा द्या, असंही सांगितलं. म्हणजे गाडी नाही तर नोकरी नाही.

नवराही ताडमाड. दुकानदारानं गाडी त्याच्यापुढे केली, जसा काही रोज तोच ढकलणार होता. दोन पावलांत त्याचे गुडघे गाडीच्या मागच्या बाजूवर आपटले आणि दुकानातली गिऱ्हाइकं फिदीफिदी हसली. लांब दांड्याची गाडी आहे का, असं मी विचारलं. दुकानदार माझ्याकडे न बघता नवऱ्याला म्हणाला, "साहेब, बाईंना म्हणावं, जरा वाकायचं. लेकरासाठी आईनं एवढं करायला नको?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. वाक, वाक! जन्मभर हेच ऐकत आले होते. मला बघायला पाहुणे आले की आई दाराआडून डोळे वटारायची. खांदे पाड, उंची दिसू देऊ नकोस. सात वेळा खांदे पाडले, तेव्हा कुठे माझ्याहून उंच नवरा मिळाला. आणि आता हा दुकानदार!

पण दुसरीकडे गाडी मिळेना. त्यातल्या त्यात बरी घेतली आणि एस.टी.च्या टपावर टाकून आणली. चार दिवस ढकलली, पाचव्या दिवशी अंथरुणातून उठवेना. रविवारी आम्ही दोघं ती गाडी घेऊन गावातल्या सुताराकडे गेलो.

तो एका शेतकऱ्याच्या नांगराचं रुमणं, म्हणजे मुठीचा दांडा, तासत होता. गाडी बघून म्हणाला, "आवं, नांगराचं रुमणं करताना बी आमी गड्याला हुबं करून माप घेतो. ह्ये कुनी केलं न इचारता?"

इतक्या दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी शहाणपणाचं बोललं. तेवढ्यात तो सुतळी घेऊन नवऱ्याकडे वळला.

"गाडी मी ढकलणार आहे!" मी ओरडलेच.

सुतार ओशाळला. "व्हय की. पर बाईमान्साचं माप कवा घेतलंच न्हाई."

"का नाही घेतलं? बायका हातात काही धरतच नाहीत का? खुरपं कोण चालवतं मग?"

सुतारानं जमिनीपासून माझ्या कोपरापर्यंत सुतळी धरली आणि गाठ मारली.

तिसऱ्या दिवशी बाभळीचा नवा दांडा लावलेली गाडी घरी आली. हात ठेवून बघते तो परत वाकावं लागतंय! चांगला चार बोटं कमी. मी गाडी तशीच ढकलत त्याच्या पडवीत नेली आणि तोंडाला येईल ते बोलले. त्यानं तीच सुतळी काढून दांड्याला लावली.

"गाठ बराबर हाय, बाई. माप घेताना तुमी वाकला हुतासा."

मला कुणावर तरी चिडायचं होतं आणि समोर कुणी उरलं नव्हतं. खरंच वाकले असणार. परका पुरुष समोर आला की माझे खांदे आपोआप पडायचे. आईचा राग आला, त्या सात ठिकाणच्या पाहुण्यांचा आला, आणि सगळ्यांत जास्त माझा स्वतःचा.

मी पडवीच्या खांबाला पाठ आणि टाचा टेकवल्या आणि ताठ उभी राहिले. कंबरेतून कळ आली, तरी तशीच राहिले. सुतारानं खाली बसून सुतळी लावली, वर बघितलं आणि बघतच राहिला.

"आवं बाई, तुमी तर लय उंच हायसा की!"

"आहेच," मी म्हणाले. "घ्या माप."