सयाजी आचाऱ्याचा पहिला बर्गर

उचगावात सयाजी चौगुल्याचं नाव घेतलं की माणसाच्या तोंडाला पाणी सुटतं. चाळीस वर्षं झाली, गडी मटण शिजवतोय. लग्न असो, जावळ असो, जत्रा असो, पाचशे पानांना मीठ किती लागतं ते त्याची मूठ सांगते. चमच्यानं चाखून बघणं म्हणजे त्याला कमीपणा. "चाखून करतोय तो आचारी कसला? वाढप्यात घाला त्याला!" असं भर मांडवात ओरडायचा. आवाज असा की पलीकडच्या गल्लीतलं कुत्रं उठून बसायचं.

आणि देवाची करणी बघा, या बहाद्दराच्या पोटी लेक आली ती मटणाला हात न लावणारी.

लेकीचं नाव प्रियदर्शनी, घरात दर्शी. ती बारा वर्षांची असताना आई गेली, पुढं बापानंच वाढवली. सतराव्या वर्षी एक दिवस तिनं रश्श्याचं ताट पुढं सारलं आणि म्हणाली, "आप्पा, मला हे आता नको वाटतंय." कारण-बिरण काही नाही. सयाजीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "सोनाराच्या पोरीनं सोनं नको म्हणायचं, व्हय?" आदळआपट केली, दोन दिवस अबोला धरला. पोरगी काही बधली नाही. पुढं लग्न होऊन कसबा बावड्याला गेली, तिथल्या एका शाळेत शिकवायला लागली, आणि मोबाईलवर बघून बघून राजम्याचे, म्हणजे आपल्या घेवड्याचे, बर्गर करायला शिकली. घेवडा शिजवायचा, ठेचायचा, त्याच्या टिक्क्या तव्यावर भाजायच्या आणि बेकरीतल्या गोल पावात घालायच्या. दर शनिवारी बापाला फोन. "आप्पा, या की आज. एक घास खाऊन तरी बघा."

"घेवडा काय खायचा? मी काय बैल हाय?" असं म्हणून हा फोन ठेवायचा. कधी बावड्याला गेलाच तर चहा पिऊन उठायचा. आठ-नऊ वर्षं अशीच गेली. अडेलतट्टू माणूस, दुसरं काय!

गेल्या पावसाळ्यात दर्शीला ताप आला. चार दिवस अंगात राहिला, पाचव्या दिवशी ती गेली. बत्तीस वर्षांची होती.

सयाजी रडला नाही. स्मशानात नाही, घरी नाही. दिवसकार्याला दुसरा आचारी बोलावला होता. हा त्याच्या चुलीपाशी जाऊन उभा राहिला, वाफ हुंगली आणि म्हणाला, "आमटीत मीठ कमी हाय." बायकांनी तोंडाला पदर लावले. बाप हाय का दगड, असं एकजण बोलली, ते त्याला ऐकूही आलं. त्याचंही काही वाटलं नाही. खरं सांगायचं तर त्याला कशाचंच काही वाटत नव्हतं. सकाळी उठायचा, दाढी करायचा, कुणी बोलावलं तर जाऊन मटण करून यायचा. जिभेवर काहीही ठेवलं तरी माती ठेवल्यासारखं लागायचं. ते मात्र त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. आचाऱ्याची जीभ गेली म्हटल्यावर त्याला बोलावणार कोण?

दर्शीची लेक निशिगंधा, आठ वर्षांची. तिचा बाप राजवर्धन पुण्याला कंपनीत, सुट्टीपुरता यायचा. तो पोरीला पुण्यात आपल्या बहिणीकडं ठेवणार होता. पण पोरगी म्हणाली, "मी आबांकडं राहते." का म्हणाली देव जाणे. सयाजीनं तिची बॅग उचलली आणि उचगावला घेऊन आला. रात्री दाराशी स्वतःच्या वहाणांजवळ तिच्या इवल्या चपला दिसल्या तेव्हा तो उगीच थोडा वेळ तिथं उभा राहिला.

पण पोरगी जेवेना. त्यानं शिरा केला, पुऱ्या केल्या, मसालेभात केला, साधी आमटी-भाकरी केली. ताटावर बसायची, भाताची चार शितं इकडची तिकडं करायची आणि म्हणायची, "भूक न्हाय." केळी खायची, बिस्किटं खायची, बस्स. महिन्याभरात गळ्याची हाडं दिसायला लागली. शाळेतल्या बाईंनी राजवर्धनला फोन केला, राजवर्धननं सयाजीला केला.

"मामा, रागावू नका," राजवर्धन म्हणाला, "पण मी रविवारी येतोय. तोवर जेवायला लागली तर राहू दे तुमच्याकडं. न्हाईतर घेऊन जातो."

"या की पावणं," सयाजी म्हणाला. आणखी काय म्हणणार? ही पण गेली तर सकाळी उठायचं कशाला, एवढं त्या बधिर डोक्यालासुद्धा कळलं. तो गुरुवार होता.

त्यानं निशीला सरळच विचारलं. "बाळ, काय केलं तर खाशील?"

"बर्गर. आई करायची तसला."

"कसा करायची?"

"घेवडा असतोय त्यात. आन् बटाटा. आन् काय काय."

झालं! ज्या माणसानं तो बर्गर उभ्या जन्मात तोंडात घातला नाही, त्यानं तो करायचा. सयाजी तडक लक्ष्मीपुरीच्या बाजारात गेला. दुकानदारानं किती म्हणून विचारलं तर सवयीनं बोलून गेला, "पाच किलो." एका पोरीला पाच किलो घेवडा! घरी येऊन त्यातला दोन किलो भिजत घातला, तेही हात आखडता घेऊन.

शुक्रवारी संध्याकाळी त्यानं आपलं लहानातलं लहान पातेलं काढलं, ज्यात पन्नास माणसांचा रस्सा बसतो. घेवडा शिजवून घोटला. आलं-लसूण, मूठभर कांदा-लसूण चटणी, वर तेल. टिक्की थापली ती भाकरीएवढी जाड. पावाला तोंड मिटता येईना. करायला गेला गणपती आणि झाला मारुती. पण रंग असा लालबुंद आला होता की सयाजी म्हणाला, आता बघतो कशी खात न्हाय ते.

निशीनं दोन्ही हातांनी बर्गर उचलला, तोंडाजवळ नेला आणि खाली ठेवला.

"खा की!"

"आबा, ह्याला मटणाचा वास येतोय."

"मटण? मटण कुठनं आलं? घेवडा हाय निव्वळ!" त्याचा मांडवातला आवाज लागला. "पातेलं राखेनं घासलंय मी, दोनदा!"

पोरगी मागं सरकली, पण रडली नाही. आई गेल्यापासून तीही रडली नव्हती. दोघं एकाच मातीचे. ती उठून आतल्या खोलीत गेली आणि भिंतीकडं तोंड करून निजली.

सयाजीनं बर्गर हुंगला. पातेलं हुंगलं. तवा हुंगला. कशालाच वास नव्हता. मग ताट उचलून तो शेजारी झुंबरबाईकडं गेला. झुंबरबाई म्हणजे फटकळ बाई, कुणाची भीड ठेवणार नाही.

"झुंबरबाई, खरं सांगा. ह्याला मटणाचा वास येतोय?"

तिनं ताट नाकाजवळसुद्धा नेलं नाही. "अवो, तुमच्या पातेल्याला येतोय, तव्याला येतोय, घरातल्या पडद्याला येतोय. तुमाला सुदिक येतोय. चाळीस वर्षं झाली, सयाजीराव. आमी खाणारी माणसं, आमाला त्यात काय न्हाय. त्या लेकराला कसं जाईल ते?"

"मग आजपतोर कोण बोललं का न्हाय?"

"तुमच्यापुढं कोण बोलायचं? दर्शी माहेरला यायची तवा तवा पिशवीत पीठ आन् तवा घालून आणायची. माझ्या मागच्या परड्यात तीन दगड मांडून आपली भाकरी भाजून घ्यायची. तुमी मांडवाला गेला असायचा. म्हणायची, काकी, आप्पांना सांगू नका, त्यांना वाईट वाटंल."

 आपल्याला आता वाईट वाटायला पाहिजे, हे सयाजीला कळत होतं. पण आत हात घालून चाचपावं आणि काही लागू नये, तसं झालं होतं. त्यानं स्वतःचा तळहात हुंगला. त्यालाही वास नव्हता.

शनिवारी उजाडता उजाडता त्यानं घर उपसायला काढलं. हंडे, पातेली, डाव, झारे, भट्टी, सगळं मागच्या शेडात नेऊन टाकलं. पडदे काढून खळाखळा धुतले, ओटा आणि भिंत सोड्यानं घासली. रविवारी तीनशे पानांचं जावळ होतं, ते त्याच्याच हाताखाली शिकलेल्या बाळासोला देऊन टाकलं. "अवो आण्णा, तुमच्या नावावर बोलावलंय, लोक काय म्हणतील?" बाळासो म्हणाला. "म्हणू देत," एवढंच हा बोलला. मग शहरात जाऊन नवा तवा, नवं पातेलं आणि नवं उलथनं आणलं. दुकानातल्या माणसानं विचारलं, घरात लग्न हाय काय? सयाजीनं पैसे मोजले आणि घरची वाट धरली.

रविवारी सकाळी त्यानं साबण लावून तीनदा अंघोळ केली, ठेवणीतला धुवट सदरा घातला आणि वाटीभर घेवडा कुकरला लावला. शिजला, ठेचला, बटाटा कुस्करून घातला. मग मिठाच्या डब्यात हात घातला आणि हात तिथंच थांबला. पाचशे पानांचं मीठ त्या मुठीला पाठ. सहा टिक्क्यांना किती? मुठीला काही सांगता येईना.

इकडंतिकडं बघून त्यानं आयुष्यात पहिल्यांदा बोट बुडवलं आणि चाखलं. माती. आणखी चिमूट टाकून परत चाखलं. मातीच. साठीच्या घरातला नावाजलेला आचारी, आणि वाटीभर घेवड्यापुढं हरला!

"निशे," त्यानं हाक मारली, "जरा इकडं ये. मीठ बघ."

निशी दारात आली. आधी तिनं लांबूनच वास घेतला. मग ओट्याशी आली, बोटावर थोडं घेतलं, चाटलं.

"कमी हाय."

"आता?"

"आता जास्त झालं की, आबा!"

"मग आता काय करायचं?"

"बटाटा घाला आणखी. आई तसंच करायची." थोडं थांबून म्हणाली, "आन् कांदा कच्चा घालायची. एकदम बारीक."

सयाजीनं कांदा असा बारीक केला की दिसेनासा झाला. "आता बघ."

"लिंबू पिळा."

"चटणी?"

"नको! मिरी. आन् पोहे भाजून त्याचा भुगा."

"भुगा कशाला?"

"टिक्की तुटू नये म्हणून. येवढं पण म्हाईत न्हाय तुमाला?"

"न्हाय बाई," सयाजी म्हणाला.

दर खेपेला तो म्हणायचा, आता बघ, आणि ती बोटानं, मग चमच्यानं, मग चक्क अर्धी वाटी घेऊन बघायची. चव जमून आली तोवर पोरीच्या पोटात चांगलं पसाभर गेलं होतं. सयाजीच्या ध्यानात आलं, पण बोलला तर थांबेल, म्हणून गप्प राहिला. उलट चव जमल्यावरही लबाडानं दोन वेळा म्हटलं, "मला काय नीट कळंना गं, परत एकदा बघ."

सहा बर्गर झाले. एक त्यानं झुंबरबाईकडं धाडला. निशी पाटावर बसली आणि खायला लागली. सयाजी समोर उकिडवा बसून तिच्या जबड्याकडं बघत होता.

"आईसारखा झालाय का?"

तिनं नीट चावलं, विचार केला. "न्हाय," म्हणाली, आणि दुसरा घास घेतला.

बाराच्या सुमाराला राजवर्धनची गाडी दारात लागली. तो आत आला तेव्हा निशीचा दुसरा बर्गर चालू होता, हनुवटीवर पावाचे कण होते. राजवर्धन तिच्या शेजारी खाली बसला. सयाजीनं त्यालाही वाढलं. त्यानं एक घास खाल्ला आणि निशीच्या हनुवटीवरचे कण अंगठ्यानं पुसले.

"मामा," मग म्हणाला, "राहू दे तिला. मीच येत जाईन दर शनिवारी."

सयाजीनं मान हलवली. आनंद व्हायला पाहिजे होता. होईल कधीतरी, असं त्यानं स्वतःशी म्हटलं.

राजवर्धनचे दोन खाऊन झाले. ओट्यावर एक ताटली होती, वर वाटी पालथी घातलेली. निशीनं कधी ठेवली कुणी बघितलं नव्हतं. राजवर्धननं वाटी उचलून आतल्या बर्गरला हात घातला.

"पप्पा, त्यो न्हाय! त्यो आबांचा हाय!"

"माझा?" सयाजी म्हणाला.

"आई कायम ठेवायची की तुमचा. आप्पा आले तर, म्हणायची."

"आन् मी आलो न्हाय की?"

"मग ती रविवारी दिवसभर ठेवायची. आन् सोमवारी मी शाळेला डब्यातनं न्यायची."

राजवर्धननं ताटली सयाजीच्या पुढं ठेवली. सयाजीनं बर्गर उचलला. चव काही आली नाही. घेवडा मऊ होता, पाव मऊ होता, एवढंच कळलं. तरी तो खात राहिला, शेवटच्या घासापर्यंत, ताटलीतले कणसुद्धा बोटानं टिपून. निशी त्याच्या तोंडाकडं बघत होती.

"आवडला?"

"आवडला, दर्शे," तो म्हणाला.

नाव चुकलं ते तिघांनाही कळलं. निशीनं त्याच्या हातातली ताटली घेतली आणि मोरीत नेऊन ठेवली.