झोप न येणारी गोळी

माझ्या सासऱ्यांना मी एकदा सकाळी अकरा वाजता भर शेतात झोपवलं. त्याला आता दोन वर्षं झाली, आणि त्याबद्दल सासरी मला अजून कोणी एक अक्षर बोललेलं नाही.

मी धुळ्यात एका शाळेत शास्त्र शिकवतो आणि आश्विन लागला की शिंकतो. पाऊस ओसरतो, बांधाबांधावर गाजरगवत फुलतं आणि त्याचे परागकण माझा पत्ता विचारत थेट घरी येतात. नाक वाहतं, डोळे चुरचुरतात, टाळू आतून खाजते (ती कशाने खाजवायची, याचा शोध शास्त्राला अजून लागलेला नाही). पूर्वी मी जी गोळी घ्यायचो, तिने शिंका थांबायच्या आणि त्यांच्याबरोबर मीही थांबायचो. एकदा नववी ब ला पचनसंस्था शिकवताना जठरापर्यंत पोचलो आणि तिथेच मला डुलकी लागली. वर्ग इतका शांत बसला की शेजारच्या वर्गातल्या बाईंना संशय आला.

मग डॉक्टरांनी गोळी बदलून दिली. म्हणाले, "दिवसा ही घेत जा, सर. हिने सहसा झोप येत नाही. जुनी फार तर रात्रीपुरती ठेवा."

त्यातला 'सहसा' हा शब्द मी दवाखान्यातच ठेवून आलो. बाकीचं वाक्य मात्र गावभर सांगत सुटलो. कोणी नुसतं नाक ओढलं तरी मी खिशात हात घालायचो. दोन्ही गोळ्या पांढऱ्या, बारीक, आणि पट्ट्या कात्रीने कापून ठेवायची मला सवय, त्यामुळे नावं अर्धीच उरलेली. पण घोळ होणं शक्यच नव्हतं. डाव्या खिशात दिवसाची, उजव्या खिशात रात्रीची. मुद्दाम दोन खिशांचे शर्ट शिवून घेतो मी. शास्त्राचा माणूस पडलो ना.

आता सासरची मंडळी. धरणगावला माझे सासरे, म्हणजे आबा, शेती करतात. घर फार गोड, पण त्या घराला एक खोड आहे: जावयाचा शब्द तिथे खाली पडत नाही. लग्नानंतर पहिल्यांदा जेवायला बसलो तेव्हा शेवेच्या भाजीचा घास घेऊन मी सहज म्हणालो, "जरा तिखट आहे का?" झालं. त्या दिवसापासून सगळं घर झणझणीत भाजी हाणतं आणि माझ्यापुढे वेगळ्या पातेलीतली फिकी भाजी येते. वीस वर्षं मी ती खातोय. मला तिखट आवडतं हो, पण आता ते सांगायचं कुठल्या तोंडाने?

आबांना एक धाकटा भाऊ, नाना. दोघांनी जन्मभर एकत्र शेती केली आणि एका बैलावरून अकरा वर्षं बोलणं टाकलं. आबा मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी जळगावला होते, तेवढ्यात नानांनी घरचा म्हातारा बैल विकून टाकला. आबांनी तो वासरू असल्यापासून वाढवलेला. डोळ्याची पट्टी सुटल्यावर ते घरी आले ते आधी गोठ्यात गेले, आणि बऱ्या झालेल्या डोळ्याने त्यांनी पहिलं काय पाहिलं, तर रिकामं दावं. ते नानांना काही बोलले नाहीत. काहीच बोलले नाहीत, हाच तर घोटाळा. पुढे नाना मुलाकडे मुक्ताईनगरला राहायला गेले आणि तिकडून तेही गप्प.

दोघांनी पंचाहत्तरी ओलांडली, तशी सासूबाईंना घोर लागला. त्यांनी नानांच्या मुलाला फोन करून करून नानांना शेतात भरीत खायला यायला राजी केलं. आणि मला सांगितलं, "पाहुणे, तुम्ही दोघांच्या मध्ये बसा. तुमच्यासमोर कोणी आवाज चढवणार नाही."

म्हणजे माझं काम काय, तर नुसतं जावई असणं. मला वाटलं, एवढं तर जमेल.

निघताना बायको म्हणाली, "त्या दोन खिशांच्या शर्टात कंडक्टर दिसतात तुम्ही. आज चांगलं काम आहे, कुर्ता घाला."

कुर्ता घातला. कुर्त्याला खिसा एक. दोन्ही पट्ट्या त्यात टाकल्या आणि शेतात पोचलो.

लिंबाखाली दोन खाटा टाकलेल्या होत्या. पलीकडे विहिरीजवळ बायकांनी कपाशीच्या काड्या पेटवून वांगी भाजायला घेतली होती. सकाळचे नऊ वाजले असतील. बांधावर गाजरगवत कमरेएवढं माजलेलं, वर काड्यांचा धूर. आबांना शिंका लागल्या. एक, दोन, सात, अकरा.

"पाहुणे, हे काही खरं नाही," आबा डोळे पुसत म्हणाले. "नाना लहानपणापासून शिंकेला फार मानतो. तो बोलायला तोंड उघडेल आणि मी शिंकेन, की तो अपशकुन समजून तसाच उठून जाईल."

माझा हात खिशात गेलाच होता. "ही घ्या, आबा. हिने झोप येत नाही."

"नक्की ना?"

"अहो, हिच्यावर मी मोटरसायकल चालवतो."

विहिरीकडून बायको ओरडली, "अहो, डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्यांना काही देऊ नका."

"मी शास्त्र शिकवतो," मी तिला ऐकवलं. (मी आठवी ते दहावीला शिकवतो. त्यात गोळ्यांचा धडा नाही.)

अर्ध्या तासाने शिंका कमी झाल्या, पण थांबल्या नाहीत. मी म्हणालो, "आबा, अजून एक घेऊन टाका." आबांनी गोळीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही म्हणतात तर," म्हणाले आणि घेतली.

साडेदहाच्या सुमाराला आबा फार शांत झाले. मला वाटलं, भाऊ येणार म्हणून मन भरून आलं असेल. ते खाटेची कड घट्ट धरून बसले होते आणि एका जागी टक लावून बघत होते. सासूबाई पाणी घेऊन आल्या, त्यांनी विचारलं, "तब्येत बरी शे ना?" तर म्हणाले, "माले काय व्हयेल नही."

अकराला नाना आले. पांढरीशुभ्र टोपी, कडक इस्त्रीचा सदरा. मुलाने गाडीतून उतरवलं आणि तो मुद्दाम लांब, विहिरीकडे निघून गेला. नाना समोरच्या खाटेवर टेकले. मी मध्ये, स्टुलावर.

"ये," आबा म्हणाले. अकरा वर्षांनंतरचा पहिला शब्द.

नाना स्वतःच्या चपलांकडे बघतच सुरू झाले, "भाऊ, मनं चुकनं. तुले इचारं नही मी."

इकडे आबांची मान हळूहळू खाली येऊ लागली. मला वाटलं, गहिवरले. मग ती झटक्याने वर गेली, पुन्हा खाली आली. ही हालचाल माझ्या चांगल्या ओळखीची होती. नववी ब.

नाना खालीच बघत बोलत होते. बैल बाहेर काढला तेव्हा तो फाटकापाशी अडला, मागे वळून गोठ्याकडे बघत उभा राहिला. पाऊल उचलेना. शेवटी नानांनीच दोर ओढला. हे त्यांनी अकरा वर्षांत बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं. "रोज डोळ्यांपुढे येतं, भाऊ," ते म्हणाले. "पापच केलं मी."

"हं," आबा झोपेत म्हणाले.

मी आबांच्या पायाचा अंगठा दाबला. खाकरलो. गुडघा हलवला. नाना म्हणाले, "मोठा तू. तू काय म्हणशील ते मला कबूल आहे."

तेव्हा आबा घोरले.

तसं घोरणं मी आजवर ऐकलेलं नाही. लिंबावरच्या साळुंक्या उडाल्या. नानांनी मान वर केली. आबांचं तोंड उघडं, टोपी नाकावर. मी तोंड उघडलं, पण त्यातून शिंक निघाली. दणदणीत. सगळ्यांना गोळ्या वाटण्याच्या नादात मी स्वतः घ्यायची विसरलो होतो.

नाना उठले. माझ्याकडे बघून हात जोडले, कारण मी जावई. "येतो, पाहुणे," एवढंच म्हणाले. वांगी अजून सोलायची होती. मुलाने, सासूबाईंनी किती विनवलं, पण ते गाडीत बसले ते बसलेच.

बायकोने माझ्या खिशात हात घालून दोन्ही पट्ट्या बाहेर काढल्या. दिवसाच्या पट्टीतली एकही गोळी कमी झालेली नव्हती. ती काही बोलली नाही. तिच्या माहेरी जावयाला बोलत नाहीत, अगदी स्वतःच्या नवऱ्यालाही.

आबा दोन वाजता उठले. आधी समोरची रिकामी खाट पाहिली. "गेला? न जेवता गेला?" मी सगळं सांगितलं आणि विचारलं, "आबा, झोप येत होती तर बोलला का नाहीत?"

"येत तर होती," आबा म्हणाले. "पण तुम्ही म्हणाले होते ना, येत नाही म्हणून. मला वाटलं, हे दुसरंच काही असेल."

त्यांनी मला एक सणसणीत शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. त्यांनी सासूबाईंना हाक मारली, "पाहुण्यांना वाढा. उपाशी असतील." आणि माझ्यापुढे भरताचं ताट आलं. बिनतिखट.

पुढच्या रविवारी मी मुक्ताईनगर गाठलं. सोबत दोन्ही पट्ट्या, पुरावा म्हणून. मी नानांच्या भावाचा जावई, म्हणजे नानांचाही जावईच. काकूंनी खापरावरच्या पोळ्या केल्या, वर तुपाची धार. मी कबुलीजबाब दिला: गोळी माझी, चूक माझी, आबा बिचारे निर्दोष. नानांनी चष्मा लावून दोन्ही पट्ट्या उलटसुलट पाहिल्या आणि मला परत दिल्या.

"तुम्ही सांगतात म्हणजे खरंच असेल, पाहुणे," ते म्हणाले. "तूप घ्या."

मग काकूंकडे वळून म्हणाले, "सासऱ्याची बाजू सांभाळायला एवढ्या लांब आले. असा जावई नशिबाने मिळतो."

मी घसा कोरडा होईपर्यंत समजावलं. जितकं समजावलं, तितकं तूप वाढत गेलं.

परतताना धरणगावला उतरलो. आबा गोठ्यात होते. म्हटलं, निदान यांना तरी नानांचे शब्द पोचवू. फाटकापाशी अडलेला बैल, त्याचं मागे वळून बघणं, नानांनी ओढलेला दोर, सगळं जसंच्या तसं सांगितलं. आबा गव्हाणीवर हात ठेवून ऐकत होते. त्यांचे डोळे भरले, मला वाटलं, जमलं.

"छान सांगतात तुम्ही," आबा म्हणाले. "शाळेत पोरांना आवडत असेल."

"आबा, देवाशपथ, नाना स्वतः बोलले हे."

"हो हो. बोललाच असेल." त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "माझ्या मनाला बरं वाटावं म्हणून तुम्ही किती करतात."

तेव्हापासून हे असंच आहे. फोन लावून देतो म्हटलं तर आबा म्हणतात, त्याने लावावा. नाना म्हणतात, त्याने लावावा. एका भावाने मागितलेली माफी दुसऱ्याला पोचलेली नाही. ती मीच ऐकली आणि माझ्यापाशीच अडकून राहिली, आणि मला तिचा फार त्रास होतो. गाजरगवत फुललं की जास्तच.

वीस वर्षांत त्या घरात मी बोललेल्या प्रत्येक शब्दाला मान मिळाला. पण त्यांनी खरोखर खरं मानलं, असं माझं वाक्य एकच: "ही घ्या, आबा. हिने झोप येत नाही."