साखरेच्या डब्यातली कार्डं

माझा स्वभाव कडक. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीजवळ माझ्या चार खोल्या आहेत, आणि भाडेकरूनं सामान आत टाकायच्या आधी मी त्याचं आणि त्याच्या घरच्यांचं आधार कार्ड मागून घेते. झेरॉक्स नव्हे, मूळ कार्ड. कामगार माणूस सणाला गावी जातो, दाराला कुलूप घालतो आणि परत उगवतच नाही, खोली अडकून पडते. कार्ड माझ्याकडं असलं की गडी सांगून जातो. आमच्या गल्लीतल्या सगळ्याच मालकिणी असं करतात. माझी कार्डं स्वयंपाकघरात, साखरेच्या जुन्या स्टीलच्या डब्यात.

तिसऱ्या खोलीत बंगालमधल्या मुर्शिदाबादचं जोडपं राहायचं. तो फौंड्रीत मोल्डिंगला, ती घरी, पोरगी अंगणवाडीत. दोन वर्षांत त्याचं मराठी आमच्यासारखंच रांगडं झालं होतं. माझ्या हातचा तांबडा रस्सा ओरपायचा आणि नाक पुसत म्हणायचा, "मावशी, जीव घेताय व्हय?"

मग परदेशी माणसांबद्दलचा नवा कायदा आला. पोलीस गल्लीत सांगून गेले, बाहेरच्या देशाचा माणूस घरात ठेवला तर मालकानं कळवायचं, नाहीतर मालकावरच केस. त्यानंतर त्याची बायको किराणा दुकानात फोनवर बंगालीत बोलायला लागली की मागची माणसं गप्प व्हायची. शेजारीण मला म्हणाली, "तुमचा त्यो बांगलादेशी न्हाय नव्हं?" मी तिला चांगली झापली. "बंगाल आपल्याच देशात हाय की! शाळंत काय शिकलीस?" पण घरी येऊन डबा उघडला आणि त्याचं कार्ड उलटंसुलटं करून बघितलं. खोटं कशाला सांगू.

त्याच आठवड्यात तो दारात आला. "मावशी, कार्ड द्या. गेटवर माणसं विचारायला लागल्यात."

"झेरॉक्स हाय की तुझ्याकडं."

"झेरॉक्स कोण मानत न्हाय."

"का रं, पळून जायचा बेत हाय का? माझ्याकडं जपून राहतंय."

तो हसला आणि गेला. मेलं माझंच डोकं फिरलं होतं.

दोन दिवसांनी मी भातलावणीला शाहूवाडीकडं माहेरी गेले. घराला कुलूप, किल्ली माझ्या कमरेला. तिथं डोंगरात फोनला रेंज नाही. चौथ्या दिवशी परतताना एसटी खाली उतरली आणि पिशवीतला फोन वाजायचा थांबेना. सगळे कॉल त्याच्या बायकोचे.

बंगाली बोलणाऱ्या पाच जणांना फौंड्रीच्या गेटवरून तपासणीला नेलं होतं. चौघांनी मूळ कार्डं दाखवली, ते संध्याकाळी घरी आले. ह्याच्याकडं झेरॉक्स. बायको हातात दगड घेऊन दोनदा माझ्या दारापर्यंत आली होती म्हणे. पण मावशीचं कुलूप तोडायचं तिला धाडस झालं नाही. अगं बाई, तोडायचं होतंस की!

मी अख्खा डबाच काखेत मारून पोलीस ठाण्यात गेले. साहेबांनी कार्ड बघितलं. "आत्ता आणताय व्हय? काल पुढं पाठवलं त्याला."

"पुढं म्हणजे कुठं?"

"ते आमच्या हातात नाही आता." मग त्यांनी कार्डाची झेरॉक्स काढून फाईलला लावली आणि मूळ कार्ड मला परत दिलं. मी भांडले, टेबलावर हात आपटले, शेवटी तिथंच बाकड्यावर बसून रडले. एका बाईनं मला पाणी दिलं.

पंधरवड्यानं अनोळखी नंबरवरून त्याचा फोन आला. त्याला सरहद्दीच्या तारेच्या पलीकडं, बांगलादेशात सोडलं होतं. तिथल्या कुठल्याशा बाजारात कुणाचा तरी मोबाईल मागून तो बोलत होता. बायकोनं फोन माझ्या कानाला लावला.

"मावशी, कार्ड हाय नव्हं?"

"हाय रे बाबा, हाय."

"जपून ठेवा. परत यायला लागंल."

फोन कट झाला. ती रडली नाही. तिनं हात पुढं केला. "मावशी, माझं आणि पोरीचं पण डब्यात हाय. द्या."

मी डबा काढला, पण झाकण काही मला निघेना. तिनं माझ्या हातातून तो घेतला आणि स्वतःच उघडला.