पंपघरातलं रडणं

जयपूरला आमच्या सरकारी क्वार्टरच्या मागे पंपघर होतं. तिथलं डिझेल इंजिन विहिरीचं पाणी कॉलनीच्या टाकीत चढवायचं, आणि त्याची देखभाल आमच्या ह्यांच्याकडे. हे इंजिनिअर, मी साताऱ्याची मॅट्रिक. अक्कल मात्र मॅट्रिकच्या बरीच अलीकडे थांबलेली.

त्या वर्षी आमची पहिली मुलगी जन्मली आणि बारशाआधीच गेली. पुढे थंडीत ते इंजिन उचकी लागल्यासारखं चालू लागलं. मधेच दम कोंडायचा, मग बारीक आवाज काढत पुन्हा सुरू. मला कळलं, ती तिथे आहे. कसं कळलं ते विचारू नका. विशीतल्या बाईला सगळंच कळतं.

मग काय, दिवेलागणीला इंजिन चालवणारा भैया चहाला गेला की मी निरांजन पदराआड घेऊन पंपघरात. डिझेलच्या टाकीशेजारच्या कोनाड्यात ते ठेवायचं आणि इंजिनाला अंगाई म्हणायची. शेजारच्या भाभीजींना वाटलं, मराठी लोक मशीनलाही झोपवतात. मीही हो म्हणून टाकलं.

एका संध्याकाळी हे पाना घेऊन आले आणि दारातच थबकले. नळीच्या सांध्यातून डिझेल झिरपत होतं, खाली तेलात भिजलेल्या चिंध्या, वर माझं निरांजन. ओरडले नाहीत. दिवा विझवला, बाहेर नेऊन ठेवला.

"हे कशासाठी?"

तेवढ्यात इंजिन अडखळलं.

"रडतेय ती," मी म्हटलं.

हसले असते तर बरं झालं असतं. त्यांनी इंजिन बंद केलं, खिडक्या उघडल्या, चिंध्या बाहेर काढल्या, सांडलेलं पुसलं. इंजिन निवल्यावर सांधा आवळला, डिझेलच्या गाळणीवरचा स्क्रू सैल केला आणि मला जवळ बोलावलं. इंजिनावरचा छोटा हातपंप दाबला तसा स्क्रूपाशी आधी फेस आला, मग बुडबुडे. नळीत हवा शिरते म्हणून ते अडतं, असं हळूच म्हणाले, माझ्याकडे न बघता. शेवटी नुसतं स्वच्छ डिझेल आलं. स्क्रू घट्ट करून त्यांनी हँडल धरलं, पण फिरवलं नाही.

"लावू का?"

कॉलनीची टाकी रिकामी होती. तरीही मी नको म्हटलं असतं तर ते थांबले असते, असं मला अजून वाटतं.

"लावा," मी म्हटलं.

इंजिन एकसारखं धडधडू लागलं. मी घरात आले आणि स्वयंपाकघराच्या पंपघराकडच्या भिंतीला कान लावून उभी राहिले, भाजी करपेपर्यंत.